लिंबाखालची तिसरी ब

मार्च १९७५मधला एक मंगळवार, सकाळची शाळा.

हजर: बार्शीहून एस.टी.ने आलेले परीक्षक कदम साहेब. सरावशाळेचे मुख्याध्यापक देशमाने गुरुजी. अध्यापक विद्यालयातर्फे मी. परीक्षेला बसलेली छात्राध्यापिका गजरा वाघमोडे. आणि तिसरी ब, अख्खा वर्ग.

गैरहजर: कोणी नाही.

मला याद्या करायची सवय आहे. घरी भाजीची, विद्यालयात पाठांची. आमच्या घरी म्हणतात, हिच्या याद्यांचीसुद्धा एक यादी असेल. आहे. ही हजेरी त्या वर्षीच्या वहीतली. शेवटची ओळ वाचणाऱ्याला साधी वाटेल, पण वार्षिक पाठाच्या दिवशी त्या शाळेत ती पहिल्यांदाच लिहिली जात होती. आणि मी ती परीक्षक फाटकातून आत यायच्या आधीच लिहून टाकली, एवढी मला खात्री होती.

आधी आमचा धंदा काय ते सांगते. प्राथमिक शिक्षक तयार होतात अध्यापक विद्यालयात. दहावी-अकरावी झालेली पोरंपोरी येतात, दोन वर्षं राहतात आणि गुरुजी किंवा बाई होऊन बाहेर पडतात. पुस्तकातलं आम्ही विद्यालयात शिकवतो. खरं शिकणं सरावशाळेत. छात्राध्यापकानं पाठाचं टाचण काढायचं, चित्रं-वस्तू गोळा करायच्या, खऱ्या वर्गासमोर उभं राहायचं. आणि मागच्या बाकावर बसून आम्ही त्याच्या चुका टिपायच्या. चुका पुष्कळ आणि नाना तऱ्हेच्या. एकानं पाळीव प्राण्यांच्या पाठाला खरी शेळी आणली. शेळीनं पहिल्यांदा तक्ता खाल्ला, मग टाचण. "बाई, आता मी पुढं काय शिकवू?" असं त्यानं भर वर्गात विचारलं. दुसरा फळ्याकडं तोंड करून सबंध तास बोलला, कारण मुलांकडं बघितलं की त्याला घाम फुटायचा. हे सगळे पुढे चांगले शिक्षक झाले.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला वार्षिक पाठ. बाहेरगावचा परीक्षक येतो, तासभर बसतो, गुण देतो. प्रस्तावना, विषयविवेचन, फळालेखन, उच्चार, वर्गनियंत्रण, असे रकाने असतात. हा पाठ बिघडला की लेखी परीक्षेत कितीही मिळवा, वर्ष गेलं.

आमची सरावशाळा सोलापूरच्या पूर्व भागात. सकाळी शाळेत पाऊल टाकलं की चारी बाजूंनी मागांचा खडखडाट सुरू. निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू. तेलुगू शाळाही जवळच होती, पण बऱ्याच आईबापांना वाटे, पोरगं मराठीत शिकलं तर कचेरीत चिकटेल. बाकीच्यांत कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी दखनी, आणि मराठीही गावोगावची. मुलं शाळेत येण्याआधी घरी कांड्या भरून यायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम. कुणी पोलिओनं अधू, कुणी बोलताना अडखळणारा, कुणाला फळा दिसत नसे. पाठाच्या पुस्तकात ज्याला 'वर्ग' म्हणतात, तसा वर्ग मी तिथं कधी पाहिला नाही.

सरावपाठांची जबाबदारी माझ्याकडं आली आणि पहिल्याच आठवड्यात मला लिंबाखालची व्यवस्था दिसली.

पटांगणात मोठं लिंबाचं झाड होतं. पाठाला पाहुणे दारात आले, की वर्गातली दहा-बारा मुलं पाट्या घेऊन झाडाखाली जाऊन बसायची. ज्यांना मराठी नीट येत नाही ती, अडखळणारी, ऐकू न येणारी. शिपाईमामा त्यांच्यावर लक्ष ठेवायचे. आत उरलेला वर्ग हात वर करकरून उत्तरं द्यायचा. पाठ छान व्हायचा.

मी देशमाने गुरुजींना विचारलं. गुरुजी मनाचे मऊ. म्हणाले, "अहो बाई, मी काय त्यांना हाकलतो का? परक्या माणसासमोर लेकरांची फजिती नको वाटते. त्या बिचाऱ्या पोरीला साहेबांनी प्रश्न विचारला आणि ती नुसती बघत राहिली, की सगळा वर्ग हसतो. झाडाखाली सावली आहे, पाणी आहे. लेकरं खुशीत असतात."

"आणि आमच्या छात्राध्यापकांनी शिकवायचं कुणाला?"

"तुमच्या छात्राध्यापकांना गुण पडायला नकोत का?"

दोन्ही बाजूंनी ते खरं बोलत होते. म्हणून तर ती व्यवस्था इतकी वर्षं टिकली होती.

ती पोरगी म्हणजे पोचम्मा. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. घरी माग, पाच भावंडं. आदल्या वर्षी एका छात्राध्यापकानं निरीक्षणात लिहून ठेवलं होतं, 'हाक मारली तरी वळत नाही. उद्धट.' ते वाचलं आणि मी त्या वर्षापासून एक नियम केला. पाठ घेण्याआधी वर्गाची ओळख करून घ्यायची. प्रत्येकानं काही मुलांच्या घरी जायचं, घरी कोणती भाषा, मूल शाळेआधी काय काम करतं, ऐकू-दिसायला कसं आहे, हे बघून यायचं. ते झाल्याशिवाय टाचणावर माझी सही नाही. फार कुरकूर झाली.

"बाई, आम्ही शिक्षक होणार की पोस्टमन?"

"पोस्टमनला निदान घर तरी माहीत असतं," मी म्हटलं.

गजरानं कुरकूर केली नाही. ती माळशिरस भागातली, धनगराची पोर. उंच, काळीसावळी, चालायची भरभर. गावाकडचं बोलणं तोंडात पक्कं बसलेलं. त्यापायीच ती आदल्या वर्षी वार्षिक पाठात नापास झाली होती. विषय चांगला शिकवला होता, पण दर वाक्याला 'हाय' आणि 'न्हाई'. उच्चारांत गुण कापले गेले आणि पोरं हसली म्हणून वर्गनियंत्रणातही. वसतिगृहातल्या पोरींनी तिला काही दिवस 'हाय बाई' म्हणून चिडवलं.

तिचे वडील जूनमध्ये मला भेटायला आले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. खुर्चीत बसा म्हटलं तर बसेनात.

"बाई, येक डाव नापास झाली, मी कायबी बोललो न्हाई. पर औंदा शेवटचं. पास झाली तर करू दे नोकरी. न्हाई तर वैशाखात बार उडवून देतो. सोयरीक थांबून हाय."

"पोरीला विचारलंत का?"

"तीच म्हनली, औंदा न्हाई जमलं तर तुमी म्हनाल तिथं उभी ऱ्हाते." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "जमंल न्हवं?"

मी जमेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तेव्हापासून रोज मधल्या सुट्टीत आम्ही दोघी 'आहे, नाही, येथे, तेथे' घोकत होतो. ती मुकाट्यानं म्हणायची आणि शेवटी विचारायची, "आता जाऊ का बाई? भूक लागलीया." पुन्हा पहिल्यापासून.

घरोघर जाण्यात मात्र तिला गोडी लागली. पोचम्माच्या घरी तर ती इतक्यांदा गेली, की तिच्या आईनं तिला कांड्या भरायला बसवलं. तेलुगूतले तीन-चार शब्द उचलून आणले: रा म्हणजे ये, चूडु म्हणजे बघ, कूर्चो म्हणजे बस. पोचम्माला शब्दांचा उपयोग नव्हता. तिच्यासाठी खुणा ठरल्या. तळहात जमिनीवर दोनदा थापटला, की बस. बोट डोळ्याला लावलं, की बघ. हे पाहून मी एकदा, जरा कौतुकानंच म्हटलं, "मेंढरं सांभाळणाऱ्यांना कळपातलं एकेक ओळखायची सवय असते, नाही का?"

"मेंढरं बरी बाई," गजरा म्हणाली. "त्यास्नी तिसरीत घालावं लागत न्हाई."

वार्षिक पाठाला तिनं विषय निवडला 'धागा'. कापसाचं सूत मुलांच्या घरातलंच होतं. तिनं गावाहून लोकर मागवली आणि चाती, म्हणजे लोकर कातायची हातातली भिंगरी. आणि मग माझ्याकडं येऊन म्हणाली, "बाई, माझा पाठ सगळ्या वर्गाला घेनार. लिंबाखाली कोन न्हाई."

मी तिला सगळं समजावून सांगितलं. दुसरी खेप आहे, वैशाख जवळ आहे, परीक्षक कडक आहेत. हा नियम पुढच्या वर्षीपासून सगळ्यांनाच लावू, तू कशाला पहिली होतेस?

"मी वरीसभर सगळ्यास्नी शिकवलं. आन परीक्षंला निम्मी बाहेर? मग मी शिकवलं काय म्हनायचं?"

मी देशमाने गुरुजींना जाऊन भेटले. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बघा बाई, पोरीचं नुकसान झालं तर मला बोल लावू नका." शिपाईमामांनाही सांगून ठेवलं, मंगळवारी कुणाला बाहेर न्यायचं नाही. गजरानं मुलांना दोन दिवस आधी सांगितलं, पोचम्माला खुणेनं, की आपण सगळे आत बसायचं. मुलं 'हो बाई' म्हणाली. वर्गातली जागा आखली, पोचम्मा पहिल्या रांगेत. माझ्या यादीतल्या सगळ्या ओळींवर बरोबरच्या खुणा झाल्या.

मंगळवारी फाटकाशी रिक्षा थांबली. कदम साहेब उतरले. पांढरी पँट, पॉलिशचे बूट, बगलेत फाइल. देशमाने गुरुजी सामोरे गेले. साहेब दारात आले, वर्ग उभा राहिला, "नमस्ते" म्हणाला, आणि साहेब मागच्या खुर्चीकडं निघाले.

पहिल्यांदा पोचम्मा उठली. तिनं पाटी उचलली, परकर सावरला आणि दाराकडं चालू लागली. तिच्यामागून अडखळणारा यल्लप्पा. मग एकेक करून बाकीचे. कुणी कुणाला ढकललं नाही, कुणी गडबड केली नाही. दारापाशी बूट दिसले, बगलेत फाइल दिसली, की आपण बाहेर जायचं, हे त्यांना पहिलीपासून ठाऊक होतं. तीन वर्षांत त्या शाळेनं त्यांना जे सगळ्यात पक्कं शिकवलं होतं, ते त्यांनी बिनचूक करून दाखवलं. ओळीनं पटांगणात गेली आणि लिंबाखाली आपापल्या जागी बसली.

सांगितलेलं विसरली होती असं नाही. यल्लप्पाला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, "ब-बाई म्हनाल्या आत बसा. प-पन साहेब आले की."

आत आता निवडक वर्ग उरला होता. परीक्षेसाठी याहून चांगला वर्ग मिळणार नाही असा. कदम साहेबांना काही खटकलंच नव्हतं. त्यांनी पेन काढलं आणि मान हलवली, म्हणजे सुरू करा. देशमाने गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. आणि खरं सांगते, माझ्या मनात आलं, जाऊ दे. देवानंच सोडवलं. घे पोरी पाठ.

गजरा खडू हातात धरून उभी होती. दाराकडं बघत होती. मग तिनं खडू ठेवला, भिंतीवरचा गुंडाळी फळा खिळ्यावरून काढला, लोकरीची पिशवी खांद्याला अडकवली आणि वर्गाला म्हणाली, "चला रे. आपला वर्ग भाईर गेलाय."

सगळी मुलं हुर्रे करून पळाली.

कदम साहेब उभे राहिले. "हे काय? पाठ सोडून?"

"पाठ सुरू आहे साहेब," मी म्हटलं आणि त्यांची खुर्ची उचलली. शिपाईमामांनी ती माझ्या हातातून घेतली. अशी आमची मिरवणूक लिंबाखाली गेली.

झाडाखालच्या मुलांची तारांबळ उडाली. पाहुणे आले म्हणून ती बाहेर आली होती, आता पाहुणेच मागं आले. यल्लप्पा उठून आत जायला निघाला. पोचम्मा पाटी छातीशी धरून उभी. गजरा खाली बसली, सरळ मातीत, आणि तळहात जमिनीवर दोनदा थापटला. "कूर्चो. कूर्चो रे सगळे." पोचम्मानं साहेबांच्या बुटांकडं पाहिलं, गजराच्या हाताकडं पाहिलं आणि बसली.

पाठ सुरेख झाला असं म्हणवत नाही. निम्मं टाचण आतच राहिलं होतं. वारा फळा उडवत होता, शेवटी मामांनी तो खालून धरला. आणि वर्षभर घोकलेलं 'आहे, नाही' कुठल्या कुठं गेलं. "ही कशाची हाय? लोकर. कापसाची हाय का? न्हाई." मी मनातल्या मनात उच्चारांचा रकाना पुसून टाकला. पण एक गोष्ट झाली. चाती फिरायला लागली तशी मुलं पुढं पुढं सरकली आणि बोलू लागली. तेलुगूत, कन्नडात, जमेल त्या भाषेत. ज्यांना येत होतं ती दुसऱ्यांचं मराठीत सांगू लागली. "बाई, ही म्हनती, आमच्याकडं पन असंच पीळ देतात!"

शेवटी परीक्षक दोन-चार प्रश्न विचारतात. त्या वेळी छात्राध्यापकानं मधे बोलायचं नाही, असा संकेत आहे. कदम साहेबांनी समोर बसलेल्या मुलीकडं बोट केलं. "तू सांग गं. धाग्याला पीळ का देतात?"

पोचम्मा बघत राहिली. देशमाने गुरुजींनी मान खाली घातली. वर्षानुवर्षं ते ज्याला भीत होते, तो क्षण हाच.

गजरा बोलली नाही. नुसती पोचम्मासमोर जाऊन बसली, बोट डोळ्याला लावलं, आणि एका हातात मोकळी लोकर, दुसऱ्या हातात कातलेला धागा धरला. पोचम्मानं लोकर घेऊन ओढली. ती सुटून आली. मग धागा घेतला, दोन्ही हातांना गुंडाळून ताणला. तुटेना. तिनं उठून धाग्याचं एक टोक साहेबांच्या हातात दिलं आणि दुसरं टोक धरून मागं रेलली. साहेबांनाही ओढणं भाग पडलं.

"सोडा की साहेब, बोट कापंल!" मागून कुणीतरी ओरडलं.

सगळे हसले. साहेबही हसले. त्या हसण्यात पोचम्माची फजिती नव्हती. तीही हसत होती.

मुलं आत गेल्यावर कदम साहेब गुणपत्रक मांडीवर घेऊन बसले. "बाई, वर्गनियंत्रणाला मी काय गुण देऊ? वर्ग पळून गेला होता."

"पळून नाही गेला साहेब. त्यांना तसं शिकवलेलं आहे. तिच्या आधीपासून." आणि लिंबाची सगळी हकिगत सांगितली. देशमाने गुरुजी शेजारी उभे होते. त्यांनी एका शब्दानं अडवलं नाही. उलट म्हणाले, "बाईंचं खरं आहे. मीच घातलेली पद्धत."

कदम साहेब झाडाकडं बघत राहिले. "आमच्याकडं झाड नाही," ते म्हणाले. "मागची खोली आहे."

त्यांनी पत्रक भरलं. उच्चारांत आणि वर्गनियंत्रणात त्यांनी मेहेरबानी केली नाही, करायलाही नको होती. बाकीच्या रकान्यांनी तिला तारलं. गजरा काठावर पास झाली. निकालाच्या दिवशी तिचे वडील आले.

"काठावर म्हंजी पास न्हवं का बाई?"

"पास."

"मग झालं की! काठ काय आन मधी काय." आणि त्या दिवशी ते खुर्चीत बसले, चहा घेतला. गजरा आज सांगोल्याकडच्या एका वाडीवर एकशिक्षकी शाळा चालवते. चारी वर्ग एका खोलीत, तेव्हा बाहेर कुणाला पाठवायची सोयच नाही, असं ती म्हणते.

लिंबाखालची व्यवस्था देशमाने गुरुजींनी त्याच वर्षी बंद केली. पण बंद केली म्हणून मुलं बसून थोडीच राहतात? जून उजाडला तशी मी नवी यादी केली. तिसरीतून चौथीत गेलेल्या त्या मुलांना पाहुणा आला तरी जागेवर बसायला शिकवायचं. माझे छात्राध्यापक एकेक करून पाहुणे झाले. बूट घालून, फाइल घेऊन दारात यायचे. एकदा प्राचार्यांना पाठवलं, एकदा खरोखरीच्या पोस्टमनला. सुरुवातीला ओळ उठायची. मग निम्मी. मग मुलांना त्याचा खेळच झाला, पाहुणा दिसला की यल्लप्पा बाक घट्ट धरून बसायचा आणि ओरडायचा, "न-न्हाई उठत!" दिवाळीपर्यंत सगळी बसू लागली. सगळी, पोचम्मा सोडून.

तिला भिंतीकडेला बसवून पाहिलं. शेजारणीला तिचा हात धरायला सांगून पाहिलं. बूट दिसले की हात सोडवून उठायची. फाइल घेऊन मी गेले, रोज दिसणारी मी, तरी उठली. चौथी झाली आणि ती शाळेतून गेली, घरी कांड्या भरायला.

गेल्या महिन्यात नव्या छात्राध्यापकांना घेऊन मी त्याच गल्लीत गेले होते. एका घरात माग चालू होता. दाराशी उजेडाला एक तरुण मुलगी कांड्या भरत बसलेली. पोचम्मा. तिनं वर पाहिलं. मला ओळखलं, हसली. मग माझ्यामागची माणसं पाहिली, माझ्या बगलेतली फाइल पाहिली, कांड्यांची टोपली उचलली आणि अंगणाच्या कोपऱ्याकडं निघाली.

मी फाइल बाहेर ठेवून आले. तिच्या जागेवर, फरशीवर बसले आणि तळहात दोनदा थापटला. ती आली, माझ्या शेजारी बसली. छात्राध्यापकांपैकी एकजण नीट बघता यावं म्हणून दारातून आत आला. ती पुन्हा उठली.

यंदाच्या कामांच्या यादीत मी पहिल्या ओळीवर लिहिलंय: 'पोचम्मा. बसून राहणं.' पुढची जागा मोकळी आहे.